कोल्हापूर ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ यांचा हिशेब स्वतः कसा मांडावा

तिकिटावर ‘१६ जानेवारी, ०२:३०’ असे छापलेले असते आणि घरातले सगळे म्हणतात, ‘सोळा तारखेच्या रात्री विमान आहे.’ पहिला घोळ इथेच होतो. आपल्या पंचांगातला वार सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो आणि आपले बोलणेही त्याच वळणाचे आहे. पहाटे अडीच ही वेळ आपल्या मनात आदल्या रात्रीचीच असते. विमान कंपनीची तारीख मात्र मध्यरात्रीच्या ठोक्याला बदलते. म्हणजे सोळा तारखेचे ०२:३० चे विमान आपल्या भाषेत पंधरा तारखेच्या रात्रीचे असते आणि कोल्हापुरातून पंधरा तारखेच्या दुपारीच बाहेर पडावे लागते. मी स्वतः पहिल्यांदा परदेशी निघालो तेव्हा गाडीवाल्याला सोळा तारखेच्या दुपारचीच वेळ दिली होती. आदल्या दिवशी मेहुण्याने चहा पिता पिता तिकीट सहज हातात घेतले आणि मोठ्याने वाचले, म्हणून निभावले.

त्या प्रसंगानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या अनेकांचे प्रवासाचे कागद मी मांडून दिले. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. हवाई अंतर, विमानातले तास, दोन गावांच्या घड्याळांतला फरक आणि घरापासून विमानतळापर्यंतची वाट हे चार स्वतंत्र हिशेब आहेत. ते एकात एक मिसळले की उत्तर चुकते. एकामागून एक सोडवले तर आठवी-नववीच्या गणितापलीकडचे त्यात फारसे काही उरत नाही. या लेखात उदाहरण म्हणून कोल्हापूर ते लंडन हा प्रवास घेतला आहे. रीत कोणत्याही दोन शहरांना लागू पडते.

आधी विमानतळ ठरवा, शहर नव्हे

‘लंडनला जायचे’ एवढ्याने हिशेब सुरू होत नाही. लंडनच्या नावाने हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन, सिटी आणि साउथएंड असे सहा विमानतळ ओळखले जातात आणि हीथ्रोपासून गॅटविक रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटर दूर आहे. न्यूयॉर्कला जाणाऱ्याचे विमान जेएफकेवर उतरते की शेजारच्या राज्यातल्या नेवार्कवर, यावर न्यायला येणाऱ्या मुलाची सकाळ ठरते. आता मुंबईच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते, कारण सहारचा जुना विमानतळ आणि नवी मुंबईचा नवा विमानतळ यांच्यामध्ये पूर्ण शहराची वाहतूक आहे. तिकिटावर शहराच्या नावाशेजारी तीन अक्षरांचा कोड असतो: सहारसाठी ‘बीओएम’, नवी मुंबईसाठी ‘एनएमआय’ आणि आपल्या उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळासाठी ‘केएलएच’. नाव वाचण्याआधी तो कोड वाचावा.

अंतर: आधी दोऱ्याने, मग आकड्यांनी

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि लंडन यांना पट्टीने जोडले तर विमान पश्चिमेकडे, थोडेसे उत्तरेला झुकत जाईल असे वाटते. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनच्या सर्वांत जवळच्या वाटेची सुरुवातीची दिशा जवळपास नेमकी वायव्य असते. दोष नकाशाचा आहे. गोल पृथ्वी कागदावर सपाट पसरताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, त्यामुळे नकाशावरची सरळ रेघ जमिनीवर लांबची वाट होते आणि खरी जवळची वाट नकाशावर कमानीसारखी दिसते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिचा पृष्ठभाग कापला की जे वर्तुळ मिळते त्याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर याच वर्तुळाच्या कंसावर मोजले जाते आणि ‘हवाई अंतर’ म्हणून जो आकडा सांगितला जातो तो हाच.

हे पटण्यासाठी शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारा पृथ्वीचा गोल आणि शिवणाचा दोरा पुरेसा आहे. माझ्याकडचा गोल तीस सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याचा परीघ सुमारे ९४.२ सेंटिमीटर येतो आणि पृथ्वीचा परीघ सरासरी ४०,०३० किलोमीटर धरला, तर गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर होतात. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबावे, दुसरे लंडनवर धरावे आणि दोरा हलकेच ताणावा. तो आपोआप सरकतो आणि एका जागी स्थिर होतो. तीच जवळची वाट. मग ज्या ठिकाणी दोरा लंडनला टेकतो तिथे चिमटीत पकडून तो पट्टीवर ठेवावा. सतरा सेंटिमीटर भरतात. सतरा गुणिले ४२५ म्हणजे ७,२२५ किलोमीटर. दोऱ्याच्या या मापनात आणि पुढे केलेल्या गणितात पंधरा किलोमीटरचाही फरक पडत नाही, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. गोल लहान असेल तर आकडा बदलतो: वीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर सुमारे ६३७ किलोमीटरचा असतो आणि मोजणीतली बारीक चूकही तितक्याच पटीने वाढते.

ज्यांना आकड्यांनी पडताळून पाहायचे असेल त्यांनी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. मोबाइलच्या नकाशावर त्या जागी बोट दाबून धरले की ते दिसतात. मुंबईचा सहार विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व इथे आहे, तर हीथ्रो ५१.४७ अंश उत्तर आणि ०.४५ अंश पश्चिम इथे आहे. एक रेखांश पूर्वेचा आणि दुसरा पश्चिमेचा असल्याने त्यांच्यातील फरक काढण्यासाठी बेरीज करावी लागते: ७३.३२ अंश. दोन्ही पूर्वेचे असते तर वजाबाकी केली असती.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइन काढून त्यांचा गुणाकार करावा: ०.३२७१ गुणिले ०.७८२३, म्हणजे ०.२५५९. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणावे: ०.९४५० गुणिले ०.६२२९ गुणिले ०.२८७०, म्हणजे ०.१६८९. दोन्ही उत्तरांची बेरीज ०.४२४८ येते. ज्या कोनाची कोसाइन एवढी असते तो कोन कॅल्क्युलेटर ६४.८६ अंश दाखवतो. बृहद्वृत्तावरचा एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरचा असतो, म्हणून ६४.८६ गुणिले १११.२ बरोबर सुमारे ७,२१२ किलोमीटर. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर ‘अंश’ या मापावर आहे की ‘रेडियन’वर, हे आधी पाहावे, उत्तर अगदीच भलते आले तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असते. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने या रीतीत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो, पण प्रवाशाला त्याने काही बिघडत नाही.

अंतर सांगताना कोणी मैलात सांगतो, कोणी किलोमीटरमध्ये आणि विमानाची माणसे सागरी मैलात. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. एखाद्या ठिकाणी मुंबई–लंडन अंतर ३,९०० च्या आसपास दिसले तर ते सागरी मैल आहेत असे समजावे.

हाच हिशेब उजळाईवाडीपासून केला तर हीथ्रोचे सरळ अंतर सुमारे ७,५१४ किलोमीटर येते. कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर सुमारे ३०९ किलोमीटर आहे. त्यात मुंबई–लंडनचे ७,२१२ मिळवले की ७,५२१ होतात. म्हणजे मुंबईला वळसा घालून जाण्यात जेमतेम सात किलोमीटर वाढतात. कोल्हापूरकरासाठी मुंबई लंडनच्या अगदी वाटेवरच आहे. बेंगळुरूमार्गे गेल्यास आधी ५३२ किलोमीटर आग्नेयेला जाऊन मग सुमारे ८,०४७ किलोमीटर उडावे लागते, म्हणजे हजारभर किलोमीटरचा वळसा पडतो. हैदराबादमार्गे हा वळसा सुमारे पावणेसातशे किलोमीटरचा होतो. अर्थात, वळसा मोठा असला तरी कोल्हापूरहून त्या शहराला जाणारे विमान सोयीच्या वेळेचे असेल तर तो मार्ग बाद ठरत नाही. जेटला हजार किलोमीटर कापायला तास-सव्वा तास लागतो आणि मुंबईच्या रस्त्यावर तेवढा वेळ पाऊस नसतानाही सहज जातो.

किलोमीटरचे तास कसे होतात

लांब पल्ल्याचे जेट विमान उंचीवर ताशी सुमारे नऊशे किलोमीटरच्या वेगाने जाते. पण गेटपासून निघणे, धावपट्टीच्या रांगेत थांबणे, वर चढणे, शेवटी वेग कमी करत उतरणे आणि पुन्हा गेटला लागणे यात वेळ जातो. म्हणून मी एक ढोबळ रीत वापरतो: किलोमीटरना ८५० ने भागावे आणि अर्धा तास मिळवावा. ७,२१२ भागिले ८५० म्हणजे साधारण साडेआठ तास. अर्धा तास मिळवून नऊ. हा वारा नसताना आणि वाट सरळ असतानाचा अंदाज आहे. लहान पल्ल्याला तो ‘अर्धा तास’च जड होतो. कोल्हापूर–मुंबईसारख्या मार्गावर एटीआरसारखे पंख्याचे विमान असेल तर ते ताशी पाचशेच्या आसपास जाते. ३०९ किलोमीटरला जेमतेम चाळीस मिनिटे लागायला हवीत, पण वेळापत्रकात तासाभराच्या आसपास वेळ धरलेली असते, कारण मुंबईच्या आकाशात उतरण्यासाठी घिरट्या घालाव्या लागतील हे कंपनीला माहीत असते.

नऊ तासांच्या या अंदाजात पहिला बदल वारा करतो. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग अनेकदा ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असतो आणि हिवाळ्यात तो आणखी वाढतो. विमान हवेच्या सापेक्ष नऊशेच्या वेगाने जात असले, तरी समोरून शंभराचा वारा असेल तर जमिनीच्या सापेक्ष वेग आठशेच उरतो. मागून तोच वारा असेल तर हजार होतो. आसनासमोरच्या पडद्यावर जो वेग दिसतो तो जमिनीच्या सापेक्ष असतो, म्हणून परतीच्या प्रवासात तो आकडा हजाराच्या वर गेलेला पाहून घाबरण्याचे कारण नाही. याच कारणाने भारतातून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. हिवाळ्यात हा फरक तास-दीड तासाचा होऊ शकतो. ‘पृथ्वी खालून फिरते म्हणून पश्चिमेकडे लवकर पोहोचायला हवे’ असे म्हणणारे मला दरवर्षी एक-दोन तरी भेटतात. पृथ्वीबरोबर हवाही फिरत असते, एवढे सांगून विषय संपतो. क्वचित संपत नाही.

वाऱ्याचा प्रभाव किती असतो याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पॅसिफिकवरून नेण्यास सुरुवात केली. नवा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे जुन्यापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटरने लांब होता. तरी मागून वारा मिळत असल्याने प्रवासाचा वेळ सुमारे दोन तासांनी कमी झाला. अंतर आणि वेळ हे दोन निराळे हिशेब आहेत, असे मी म्हणतो ते यासाठी.

दुसरा बदल बंद आकाशामुळे होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर युरोप आणि रशिया यांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपले आकाश बंद केले आणि भारताने तसेच उत्तर दिले. ही बंदी पुढे वारंवार वाढवली गेली. मुंबई–लंडन दोरा गोलावर ताणून पाहा, तो कोणत्या देशांवरून जातो ते दिसेल. त्यातला एखादा देश वाटेतून वगळला की विमानाला समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच मार्गावर भारतीय कंपनीच्या आणि परदेशी कंपनीच्या विमानाचा वेळ वेगळा दिसू शकतो. मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ ते साडेदहा तास आणि येताना साडेआठ ते साडेनऊ तास धरावेत; नेमका आकडा त्या महिन्याच्या वेळापत्रकातूनच घ्यावा.

न्यूयॉर्कचे गणित याच रीतीने केले तर मुंबईपासून सुमारे १२,५५० किलोमीटर अंतर आणि सव्वापंधरा तास असा कोरा अंदाज येतो. जवळची वाट उत्तरेला जवळपास ६५ अक्षांशापर्यंत चढते, म्हणून जानेवारीत खिडकीतून पांढऱ्या पठारांशिवाय काही दिसत नाही.

एकच घड्याळ धरा

तिकिटावरच्या निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. त्यांची सरळ वजाबाकी केली की उत्तर हमखास चुकते. मी एकच नियम पाळतो: सगळ्या वेळा आधी भारतीय प्रमाणवेळेत लिहायच्या आणि मगच वजाबाकी करायची.

नमुन्यादाखल, विमान मुंबईहून १६ जानेवारीला ०२:३० ला सुटते आणि लंडनला त्याच दिवशी ०७:३० ला पोहोचते असे धरू. वजाबाकीने पाच तास येतात आणि काही मंडळी खूश होतात. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. म्हणून लंडनचे ०७:३० म्हणजे भारतात दुपारचा एक. ०२:३० ते १३:०० म्हणजे साडेदहा तास, हा खरा प्रवास. परतीला लंडनहून रात्री ०९:३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत पोहोचायचे असेल, तर वजाबाकी साडेचौदा तास दाखवते. पण लंडनचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे भारतात पहाटेचे तीन. खरा प्रवास नऊ तासांचा.

साडेपाच तासांचा हा फरक वर्षभर सारखा राहत नाही. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. उन्हाळ्यात म्हणून फरक साडेचार तासांचा होतो. न्यूयॉर्कचा फरक हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा असतो, पण तिथली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे सरकतात. दुबई आपल्यापेक्षा वर्षभर दीड तास मागे आणि सिंगापूर अडीच तास पुढे आहे. मेलबर्न आणि सिडनी साडेचार तास पुढे असतात, मात्र तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येत असल्याने ऑक्टोबर ते एप्रिल हा फरक साडेपाच तासांचा होतो. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट वेगवेगळ्या ऋतूंतले असेल तर दोन्ही वेळा स्वतंत्रपणे तपासाव्यात.

या अर्ध्या तासाचे मूळ आपल्या प्रमाणवेळेत आहे. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली आहे आणि पंधरा अंशांना एक तास या हिशेबाने ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे येते. कोल्हापूर ७४.२४ अंशांवर असल्याने आपला सूर्य आपल्याच घड्याळापेक्षा सरासरी तेहतीस मिनिटे मागे चालतो. प्रवासाच्या हिशेबात याचा उपयोग नाही. पण रेखांश आणि वेळ यांचे नाते घरबसल्या समजते.

मध्ये विमान बदलायचे असेल तर

थेट विमान महाग असते, म्हणून बरेच जण दुबई किंवा दोहामार्गे जातात. अंतराच्या दृष्टीने हा वळसा नगण्य आहे: मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–लंडन सुमारे ५,५०० मिळून ७,४३० किलोमीटर होतात, म्हणजे थेट मार्गापेक्षा सव्वादोनशेच जास्त. दिल्लीमार्गे ते ७,८६० च्या आसपास जातात. वेळ वाढतो तो दोनदा चढण्या-उतरण्यात आणि मधल्या थांब्यात. साडेतीन तासांचा थांबा धरला तर दुबईमार्गे साधारण चौदा तास लागतात. वयस्क माणसांसाठी मी दीड तासाचा थांबा कधीच सुचवत नाही; कागदावर तो चालतो, पण पहिले विमान चाळीस मिनिटे उशिरा आले आणि पुढचे गेट इमारतीच्या दुसऱ्या टोकाला असले की धावपळ होते. आठ तासांचा थांबाही नको, कारण खुर्चीत बसून पाठ धरते. अडीच ते चार तास हा मधला पल्ला बरा.

याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत का, हे पाहावे. एकाच तिकिटावर असतील तर पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तरी पुढची सोय करणे ही कंपनीची जबाबदारी असते आणि सामानही सहसा शेवटपर्यंत जाते. कोल्हापूर–मुंबई वेगळे आणि मुंबई–लंडन वेगळे तिकीट काढले असेल तर दोन्ही कंपन्यांच्या लेखी तुम्ही दोन निराळे प्रवासी असता: मुंबईत सामान घ्यायचे, बाहेर पडायचे, गरज असल्यास टर्मिनल बदलायचे आणि पुन्हा चेक-इन करायचे. सामानाचा सापळाही इथेच असतो. परदेशी विमानाला तेवीस किलोच्या दोन बॅगा चालत असल्या तरी देशांतर्गत स्वस्त तिकिटावर बहुधा पंधराच किलो चालतात. कोल्हापूरच्या काउंटरवर बॅग उघडून चटणीचे डबे आणि भाजणीच्या पिशव्या बाहेर काढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. काढताना आधी काय काढावे यावर तिथेच चर्चा होते. वेगळ्या तिकिटांवर दोन विमानांमध्ये निदान सहा तास ठेवावेत, आणि पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच मुंबई गाठावी.

कोल्हापूरचा टप्पा

मुंबई आपल्यापासून हवाई मार्गाने ३०९, रस्त्याने सुमारे ३८० आणि रेल्वेने सुमारे ५२० किलोमीटर आहे. एकाच दोन गावांमधली ही तीन अंतरे. रूळ मिरजेवरून वळून जातात म्हणून रेल्वेचे सर्वांत जास्त.

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचते. विमान त्याच दिवशी दुपारनंतरचे असेल तर ती उत्तम. मात्र मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी तिने गेल्यास अख्खा दिवस मुंबईत काढावा लागतो, त्यामुळे तिथे नातेवाइकांचे घर असेल तरच तो विचार करावा. मोटारीने सात ते आठ तास लागतात असे सगळे सांगतात आणि ते खरेही आहे, पण मोकळ्या रस्त्याला. खंबाटकीचा घाट, पुण्याचा बाह्यवळण रस्ता, द्रुतगती मार्गावरचा खंडाळ्याचा घाट आणि पनवेलनंतरची मुंबई या चारपैकी एका ठिकाणी तरी तास मोडतो. शुक्रवारची संध्याकाळ किंवा गणपतीचे दिवस असतील तर दोन ठिकाणी. म्हणून आठ तासांवर दोन तास राखून ठेवावेत. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवास असेल तर पंचगंगेची पातळीही पाहावी लागते: ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद होता आणि जुलै २०२१ मध्येही तीच वेळ आली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी इशारा पातळीकडे सरकते आहे अशी बातमी आली की विमानाला दोन दिवस असले तरी मी लोकांना शहराबाहेर महामार्गावरचा तावडे हॉटेलचा चौक ओलांडून पुढे जायला सांगतो.

कोल्हापूर–मुंबई विमान वेळेवर असेल तर सर्वांत सुखाचे. उजळाईवाडी शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे आणि तिथे गर्दी नसते. पण दिवसातून विमाने मोजकीच. एक रद्द झाले की पुढचे लगेच नसते, आणि तेव्हा मोटारीला पुरेल एवढा वेळ हाताशी असावा.

कागद मांडणे

आता सगळे एका कागदावर उतरवावे. मांडणी उलट्या बाजूने, म्हणजे विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे करावी. विमान १६ तारखेला ०२:३०. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे १५ तारखेला रात्री ११:३०. मोटारीचे आठ आणि राखीव दोन असे दहा तास वजा केले की १५ तारखेला दुपारी दीड. गाडीवाल्याला सांगायची वेळ ही, आणि ती वारासकट सांगावी.

तिथून पुढे मोजावे. लंडनला विमान टेकते तेव्हा भारतात १६ तारखेचे दुपारचे एक वाजलेले असतात. इमिग्रेशनची रांग आणि सामान यांना दीड तास, विमानतळ ते घर एक तास. म्हणजे भारतीय वेळेने दुपारी साडेतीन, तिथल्या वेळेने सकाळी दहा. घराचे कुलूप लावल्यापासून मुलीच्या दारात पोहोचेपर्यंत एकूण सव्वीस तास झाले. त्यांपैकी विमानात साडेदहा. हवाई अंतराचा आकडा मनात धरून ‘नऊ-दहा तासांचा तर प्रवास’ असे समजणाऱ्यांनी औषधांच्या वेळा, मधुमेहींचे खाणे आणि पायांची सूज यांचा विचार सव्वीस तासांच्या हिशेबाने करावा. रोजच्या गोळ्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ठेवू नयेत आणि पहिल्या दिवशी त्या कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

या कागदाच्या दोन प्रती करतो: एक पासपोर्टच्या पाकिटात आणि दुसरी मागे राहणाऱ्यांसाठी. दुसऱ्या प्रतीवर प्रत्येक वेळ भारतीय प्रमाणवेळेतच असते, कारण रात्री अडीचला विमान सुटले की घरचे फोनची वाट पाहू लागतात आणि तिकिटावर ०७:३० वाचून सकाळी आठला काळजी करत बसतात. माझ्या आईसाठी केलेल्या कागदावर ठळक अक्षरांत एकच ओळ होती: ‘सोळा तारखेला दुपारी दोनपर्यंत फोन येणार नाही; जेवून घ्या.’